स्वयंपाकाला एक बाई आहे

ठाण्याच्या एका औषधं पॅक करणाऱ्या कंपनीत विपुल डिस्पॅचचं काम बघायचा. राहायला वाशिंदला, नोकरीला दहा वर्षं झालेली. ऑफिसातल्या अकरा जणांनी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी डोंगरात कुठंतरी जायचं काढलं, तेव्हा सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"विपुल, तू तर तिकडचाच ना?" हर्षित सर म्हणाले. हर्षित त्यांच्या विभागाचा प्रमुख, वयाने विपुलपेक्षा दोन वर्षांनी लहान. 'तिकडचा' म्हणताना त्यांनी खिडकीकडे असा हात उडवला, की जणू कल्याणच्या पुढे सगळा एकच डोंगर आहे आणि विपुल त्याच्या माथ्यावर राहतो.

नेहाने लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. त्या ग्रुपवर दोन दिवसांत जे काय येऊन पडलं, ते वाचून विपुलच्या कपाळावरची शीर उडायला लागली. कुणालीला स्विमिंग पूल हवा होता, पण क्लोरीनचा वास नको होता. मितेशला चुलीवरची गावठी कोंबडी हवी होती आणि पुढे डोळा मारलेलं चित्र टाकून 'दुसरी गावठी पण'. कोणीतरी विचारलं, 'आदिवासी डान्स मिळेल का?' थाळीबरोबर पापड मिळेल का विचारावं तसं. त्याखाली सात जणांनी हसून लोळणारे चेहरे टाकले.

विपुलच्या डोक्यात पहिल्यापासून एकच जागा होती. मुरबाडच्या पुढे, टोकावडं सोडलं की घाटाच्या पायथ्याशी पळसवाडी. तिथे त्याची आत्या राहायची, हौसाआत्या. तिच्या मुलाने, प्रज्वलने, गेल्या वर्षी घराशेजारी दोन खोल्या बांधून वर निळे पत्रे टाकले होते आणि रस्त्यावर 'निसर्गस्पर्श' असा बोर्ड लावला होता. आतेभावाला गिऱ्हाईक मिळेल, ऑफिसात आपलंही नाव होईल, इतका साधा विचार. त्याने ग्रुपवर लिहिलं, खोल्या आहेत, मोठं अंगण आहे, वर डोंगरात पाण्याचं कुंड आहे.

नेहाने विचारलं, 'जेवण कोण बनवतं? हायजिनिक आहे ना?'

'माझी आत्या,' असं त्याने टाइप केलं. मग त्या डान्सच्या मेसेजखालचे सात चेहरे त्याला दिसले. उद्या हे लोक आत्याला बघतील, तिचं ते गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं, पायांच्या भेगा, तोंडातली मिश्री, आणि मग मला बघतील. त्याने अक्षरं एकेक करून पुसली आणि लिहिलं, 'स्वयंपाकाला एक बाई आहे. स्वच्छ आहे.'

पाठवल्यावर त्याला कसंतरीच झालं. 'स्वच्छ आहे.' जसं भांडं. तो मेसेज पुसता आला असता, पण तोवर त्यावर चार अंगठे आले होते.

हर्षित सरांना जागा आधी बघायची होती. रविवारी सकाळी ते आणि नेहा गाडी घेऊन आले, विपुलला वाशिंदच्या हायवेवरून उचललं. शहापूरवरून किन्हवली, पुढे सरळगाव. दोन्ही बाजूंना भात पोटरीत आलेलं, काही ठिकाणी लोंब्या बाहेर पडलेल्या. नेहा काच खाली करून व्हिडिओ काढत होती. हर्षित सर एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने बर्गर खात होते. खाऊन झालं तशी त्यांनी बोटं ओल्या टिश्यूने एकेक करून पुसली, टिश्यू बर्गरच्या खोक्यात कोंबला, आणि खोकं नेहाच्या पुढून, उघड्या काचेतून, थेट कोणाच्या तरी भातात फेकलं.

"सर!" नेहा हसत म्हणाली.

"अगं, कागद आहे. खत होतं त्याचं."

मागच्या सीटवर विपुल बसला होता. मागे वळून त्याने बघितलं, ते खोकं लोंब्यांवर आडवं अडकलं होतं, खालीसुद्धा पडलं नव्हतं. गाडी थांबवा म्हणावं असं ओठांवर आलं. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि ते गिळून टाकलं.

पळसवाडीला गाडी थांबली तेव्हा हौसाआत्या दारातच होती. साहेब लोक येणार म्हणून तिने अंगण सारवलं होतं, नवं पातळ नेसली होती. विपुलला बघून तिचा चेहरा असा फुलला, की तो मान वर करीपर्यंत ती चार पावलं पुढे आलीसुद्धा. दोन्ही हात वर, त्याच्या गालांवरून फिरवून बोटं कानशिलावर मोडायला.

"अच्छा, ह्याच का त्या स्वयंपाकाच्या बाई?" हर्षित सर गॉगल कपाळावर चढवत म्हणाले. "विपुल बोलला होता आम्हाला. स्वच्छता एकदम, म्हणाला."

आत्याचे हात वरच राहिले. तिने विपुलकडे बघितलं. तिथे फार वेळ बघावं लागलं नाही, त्याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. तिने हात खाली घेतले, पदराला पुसले. ते कोरडेच होते.

"व्हय साहेब, मीच ती," ती म्हणाली. मग विपुलकडे वळली. "या साहेब. तुमी पण बसा."

तुमी. विपुलला आपल्या अंगावर कोणीतरी थंडगार, बुळबुळीत काहीतरी टाकलंय असं वाटलं. आई टीबीने अंथरुणाला खिळली होती तेव्हा पाचवी ते सातवी तो ह्याच घरात वाढला होता. पाचवीत असताना त्याला हगवण लागली, पाच दिवस तो उठू शकला नव्हता. आत्या त्याला उचलून मागे न्यायची, धुवायची, त्याची घाण झालेली गोधडी ओढ्यावर नेऊन आपटायची. तिने एकदासुद्धा नाक मुरडलेलं त्याला आठवत नव्हतं.

प्रज्वलने सगळं पाहिलं होतं. तो विपुलच्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बरं केलंस. नातं कळलं की भाव पाडायला बघतात." आणि त्याने डोळा मारला, ग्रुपवरच्या मितेशसारखाच.

आत्याने पाणी आणलं. तांब्या-भांडं नव्हे, सील केलेल्या तीन बाटल्या. मग हर्षित सरांनी खोल्या तपासल्या. चादर उचलून हुंगली. उशीचा अभ्रा काढून आतली उशी बघितली. संडासाच्या दारात उभं राहून म्हणाले, "बाई, जरा पाणी टाकून दाखवता? जातं ना नीट?" आत्या आत गेली, वाकून बादली उचलली आणि ओतली. तिचा मणका दुखतो हे विपुलला माहीत होतं. तो दारात उभा राहून, पाणी कसं जातं ते बघत राहिला, हर्षित सरांच्या शेजारी, तसाच हाताची घडी घालून.

"कुंड बघू या," नेहा म्हणाली. "मेन ते आहे."

वर जायला वीस मिनिटं लागली. करवंदीच्या जाळ्यांमधून वाट, मधे ओढा. विपुल इथून शेकडो वेळा गेला होता. पण आज कुंड दिसायच्या आधी त्याचा वास आला. आधी वाटलं, जनावर मेलंय.

काल एक ग्रुप येऊन गेला होता. कडेच्या कातळावर कोंबड्यांची पिसं रक्ताने चिकटली होती, आतडी जाळीत फेकलेली, त्यांवर माश्यांचा निळा थर. दोन दगडांच्या फटीत पोरांचे वापरलेले डायपर पाणी पिऊन आंबवलेल्या पिठासारखे फुगले होते. बाटल्या, फुटलेल्या बाटल्या, लाल मसाल्याचा तवंग. कुंडाच्या ओठाशी वाडीला पाणी नेणारा काळा पाइप होता. त्याच्या तोंडाच्या जाळीवर नूडल्स अडकून शेवाळासारख्या हलत होत्या.

प्रज्वलने पायाने एक डायपर पानाखाली सारला. "शनिवारपर्यंत क्लीन करतो, सर. एकदम क्लीन."

"हे पाणी वाडीत जातं ना?" विपुलने त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"जायचं. आता पिण्याला नाय वापरत कोणी. बायका खालच्या विहिरीवर जातात."

"केवढी लांब आहे ती. आत्यापण?"

"मग? तिला काय हेलिकॉप्टर हाय?" प्रज्वल चिडला. "तू मला नको शिकवू. लोकांना कुंडच पायजे. कुंड नसेल तर माझ्या खोल्यांत काय झोपायला येतील?"

तेवढ्यात पाण्याचा आवाज झाला. वरच्या बाजूला, जिथे झरा पडत होता तिथे पाणी अजून नितळ होतं. हर्षित सर शर्ट काढून तिथे उतरले होते, कमरेपर्यंत पाण्यात. "ओ हो हो! काय थंड आहे यार!" मग ते एकदम गप्प झाले. डोळे मिटले, मान जरा मागे टाकली, चेहऱ्यावर कसलं तरी समाधान पसरलं. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणाले, "नेहा, आता ये. आता जरा गरम झालंय."

नेहाला क्षणभर कळलं नाही. मग ती किंचाळली, "शी, सर! यू आर डिस्गस्टिंग!" आणि हसायला लागली. प्रज्वलही हसला.

आणि विपुलही हसला. साहेब विनोद करतात तेव्हा हसायची तोंडाला दहा वर्षांची सवय होती. ते आपोआप फाकलं, दात दिसले, खि-खि असा आवाज निघाला. तो आवाज त्याच्या स्वतःच्या कानांवर पडला. पाण्यात उभ्या असलेल्या माणसापेक्षा त्याला त्या आवाजाची जास्त घाण वाटली.

खाली आल्यावर पानं वाढली होती. तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, वालाची उसळ, भात. ओसरीवर तिघं बसले, प्रज्वल वाढायला, आत्या समोरच्या चुलीशी. हर्षित सरांनी तंगडी उचलून चावली, चघळली, आणि चोथा पानाच्या बाहेर, सारवलेल्या जमिनीवर थुंकला.

"जरा कडक आहे. शनिवारी अजून शिजवा हां, बाई."

"गावठी हाय साहेब. अजून शिजवते."

नेहा मोबाइल घेऊन उठली. "बाई, तुम्ही जरा चुलीत फुंका ना. मस्त शॉट आहे."

आत्याने फुंकणी उचलली आणि फुंकलं.

"थोडा धूर येऊ दे ना. ओलं लाकूड नाही का? हां, ते घाला. परत एकदा. डोळ्यांत पाणी आलं तर पुसू नका, छान दिसतंय."

आत्या फुंकत होती. धुराने तिला खोकला आला, ती खोकली, नेहाने मोबाइल तसाच धरून ठेवला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "आवाज नंतर काढून टाकीन. आणि बाई, शनिवारी मोठी नथ घाला हां. प्रज्वल म्हणाला, बायकांचा डान्स पण आहे."

"बाईंनीही नाचायचं," हर्षित सर बोटं चाटत म्हणाले. "सगळ्यांनी नाचायचं. बाई, येतं ना?"

विपुलने घास खाली ठेवला. 

"ती माझी आत्या आहे," तो म्हणाला.

कोणालाच काही ऐकू आलं नसावं असं वाटलं. म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. "बाई नाही. माझी सख्खी आत्या आहे. मी ह्या घरात वाढलोय."

नेहाने मोबाइल खाली घेतला. तिचे कान लाल झाले. पण हर्षित सरांचा चेहरा उजळला.

"अरे, मग आधी नाही का सांगायचं, वेड्या! मग तर घरचंच झालं." ते प्रज्वलकडे वळले. "काय प्रज्वल, फॅमिली डिस्काउंट! आता अकरा जणांचं नीट लाव."

प्रज्वलने विपुलकडे असं बघितलं, की हातातली पळी फेकून मारतो की काय.

आत्या उठली. तिने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, तांब्यातलं पाणी त्यावर शिंपडलं. चर्र झालं.

"शनिवारी नाय जमायचं, साहेब," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"जागा नाय."

"आये, काय बोलतेस तू?" प्रज्वल ओरडला. "दोन्ही खोल्या मोकळ्या हायेत!"

"माझ्या घरात जागा हाय का नाय, ते मला म्हायती." तिचा आवाज चढला नव्हता. "पानावरनं उठू नका कोणी. जेवा पोटभर. भात आणू का, साहेब?"

हर्षित सर हसायला गेले, पण सोबत कोणी हसलं नाही. त्यांनी भात घेतला नाही. गाडीत बसताना म्हणाले, "विपुल, चल. एवढा ड्रामा करायची काही गरज नव्हती यार."

"मी एसटीने येतो."

"मर्जी तुझी. नेहा, दुसरं काहीतरी बघ आपल्याला. स्विमिंग पूलवालं."

गाडी गेली. प्रज्वल विपुलच्या अंगावरच आला. "तुला पगार येतो दर महिन्याला. तू येतोस, मोठेपणा करतोस, जातोस. पहिल्यांदा बाई म्हणालास, मग शेवटपर्यंत गप्प बसला असतास, तर काय बिघडत होतं?"  त्यातलं पुष्कळसं खरं होतं.

आत्या घरामागे भांडी घासायला बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आत्या, चुकलो मी."

ती पातेल्याच्या बुडाची काजळी खरवडत राहिली. मग म्हणाली, "लाज वाटली तुला माझी. ते समजलं मला. अशी बाय हाय मी, माझी लाज वाटंल माणसाला. पण लाजलास कोणासमोर रे? त्याच्यासमोर?" तिने ओसरीकडे हात केला, जिथे थुंकलेला चोथा अजून पडला होता आणि कोंबड्या त्याच्याभोवती जमल्या होत्या. "त्या माणसाला चांगलं मानलंस, आणि मला नाय. हेच मला घाण वाटतंय. दुसरं काय नाय."

  विपुलने ओसरीवरचा चोथा उचलून उकिरड्यावर टाकला, ती जागा शेण घेऊन स्वतःच्या हाताने सारवली आणि शेवटच्या एसटीने परत गेला.

ग्रुपमधून तो त्याच दिवशी बाहेर पडला. ऑफिसात कोणी काही बोललं नाही. फक्त हर्षित सर त्याला आता 'आत्याचा भाचा' म्हणायला लागले, आणि प्रत्येक वेळी चार जण हसायचे. नेहा एकदा लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, "तो व्हिडिओ मी डिलीट केला." त्याने मान हलवली. तो तिसऱ्या मजल्यावर उतरला, त्याला पाचव्यावर जायचं होतं.

मग प्रज्वलचा फोन आला, तणतणतच. आत्याने धोंडूबाई, सकुबाई आणि वाडीतल्या आणखी आठ-दहा जणींना गोळा केलं होतं. शनिवारी त्या कुंडाची वाट बंद करणार होत्या. "तूच भरवलंस तिच्या डोक्यात. आता तूच ये निस्तरायला."

ऑफिसचे लोक त्या शनिवारी कुठल्याशा रिसॉर्टला गेले. विपुल मोटरसायकलवरून पळसवाडीला गेला. बायकांनी करवंदीच्या आणि बाभळीच्या फांद्या तोडून वाटेवर आडव्या टाकायला सुरुवात केली होती. आत्याने त्याला बघितलं. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. खताची दोन रिकामी पोती त्याच्याकडे फेकली आणि वर बोट केलं.

विपुल वर गेला आणि ते सगळं हातांनी उचललं. हातमोजे आणले होते, पण पहिल्या अर्ध्या तासातच काचेने फाटले. फुगलेला डायपर उचलायला गेला तर तो हातात फुटला. विपुल बाजूला जाऊन ओकला. सकाळचा चहा बाहेर आला, मग नुसतं पिवळं पाणी. मागे सकुबाई उभी होती.

"पहिल्यांदा असंच होतं," ती म्हणाली. "आमी तर दर सोमवारी काढतो. ह्या सोमवारी तेवढा हात लावला नाय."

"दर सोमवारी?"

"मग काय प्रज्वल काढतो?"

दुपारी तो पोती घेऊन खाली उतरत होता, तेव्हा एक गाडी आली. आत पाच पोरं होती, गाणी लावलेली. एकाने मोबाइल पुढे करून विचारलं, इथे ते सीक्रेट कुंड कुठे आहे. आत्या काट्यांच्या ढिगापुढे उभी होती, हातात कोयता.

"बंद हाय."

"मावशी, आम्ही खूप लांबून आलोय."

"तेवढंच लांब परत जायचं."

पोरांनी वाद घातला, एकाने शिवी दिली. दहा जणी एकेक करून आत्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. गाडी मागे वळली. जाताना त्यांनी भरलेला कचऱ्याचा डबा खिडकीतून रस्त्यावर रिकामा केला. सकुबाईने तो कचरा गोळा करून विपुलच्या पोत्यात टाकला.

पोती भरली, पण ती टाकायची कुठे? वाडीत कचऱ्याची गाडी येत नव्हती, बायका दर सोमवारी ज्यात पुरायच्या तो खड्डा भरला होता. जाळायला धोंडूबाईने मनाई केली, धुराने पोरं खोकतात. प्रज्वल सबंध दिवस बाहेर आला नव्हता. शेवटी विपुलने दोन्ही पोती मोटरसायकलच्या मागे बांधली. आत्याने दोरीची गाठ ओढून बघितली आणि घट्ट केली.

"शहापूरला टाकू नको रस्त्यात," ती म्हणाली. एवढंच बोलली ती दिवसभरात त्याच्याशी.

"नाही टाकणार."

सरळगावला तो चहाला थांबला तर टपरीवरची माणसं बाकडं सोडून उठली. टपरीवाल्याने चहा दिला आणि म्हणाला, "भाऊ, ते जरा लांब उभं कर." किन्हवलीच्या पुढे एका पोत्याच्या तळातून पाणी गळायला लागलं, त्याच्या पँटवर, बुटांत. ऊन उतरत होतं, कुठे कुठे भात पिवळा पडू लागलेला, आणि तो सगळा रस्ता त्याने तोंडाने श्वास घेत काढला.

वाशिंदला त्याच्या सोसायटीच्या मागे कचऱ्याचे मोठे डबे होते. त्याने पोती उतरवली, एकेक करून आत लोटली. घरी जाऊन साबणाने तीनदा हात धुतले. संध्याकाळी जेवायला बसला तरी बोटं नाकाशी नेली की तो वास होताच. त्याने भाकरी बाजूला ठेवली, चमचा घेतला आणि नुसता आमटीभात खाल्ला.